मी खुडूक बसलो तो दिवस

लाइट गेली तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता आणि सासऱ्यांच्या तोंडात मिसरी. त्यामुळे आतून रंजनाने जी आरोळी ठोकली, तिला आम्हा दोघांपैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही.

"अहो, लाइट गेली!"

"उं," मी म्हणालो.

"उं काय? गाडी लावा! पेटीचा काटा उतरायच्या आत गाडी लावा!"

पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी. रंजनाने तालुक्याला आठ दिवस शिकून ती आणली होती. बाहेरून प्लायवूड, आतून थर्माकोल, दोन बल्ब, पाण्याची एक वाटी, एक थर्मामीटर आणि अठ्ठेचाळीस गावरान अंडी. आतलं तापमान साडेसदतीस ठेवायचं, एकवीस दिवस, रात्रंदिवस. त्या सकाळी एकविसावा दिवस लागला होता.

याआधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नव्हतं. पहिल्या खेपेला लोक म्हणाले, शिकतेय बिचारी. दुसऱ्या खेपेला माझ्या सख्ख्या चुलतीने आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पीत निकाल दिला, "काहींच्या हाताला यशच नसतं बाई." रंजनाने तिची कपबशी उचलून आत नेली. पण त्या दिवसापासून ती दुधाला विरजणसुद्धा मला लावायला सांगायची. माझ्या हातचं दही कधी लागलं नाही, ही गोष्ट वेगळी. तिसरी खेप लावताना ती म्हणाली होती, "ह्या वेळी झालं तर झालं. न्हाईतर पेटी चुलीत घालायची आणि परत कोंबडीचं नाव काढायचं न्हाई." तिच्या डोळ्यात पाणी होतं म्हणून मी चुलीत प्लायवूडचा धूर फार होतो वगैरे बोललो नाही.

आमच्या बोरवाडीत लाइटचा भरवसा तेव्हा जावयाच्या मुक्कामाइतकाच असे. म्हणून माझ्या मोटरसायकलच्या बॅटरीवरून पेटीला दोन तारा ओढून ठेवल्या होत्या. लाइट गेली की गाडी ओट्यावर घ्यायची, चालू ठेवायची, आत लावलेले गाडीचे छोटे बल्ब पेटतात. या व्यवस्थेचा प्रमुख मी. रंजना रोज सकाळी विचारायची, "बॅटरी?" आणि मी रोज सांगायचो, "टुणटुणीत."

ती टुणटुणीत नव्हती. ती मेली होती आणि मला ते चार दिवसांपासून ठाऊक होतं.

झालं असं की माझ्याकडे एक बारा इंची काळापांढरा टीव्ही होता. तो बॅटरीवर चालायचा. आदल्या आठवड्यात कसोटी सामना होता, पण पेटी लावल्यापासून घरात टीव्ही लावायला रंजनाची बंदी होती आणि गोठ्यात लाइटची तार नव्हती. मी गोठ्यात गाडी उभी करायचो, बॅटरीला टीव्ही जोडायचो आणि वैरणीवर बसून सामना पाहायचो. पाच दिवस पाहिला. पाचव्या दिवशी चहापानाला पडदा एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला. नंतर कळलं, सामना अनिर्णित राहिला. निदान जिंकलो असतो तर मनाला काही समाधान तरी वाटलं असतं.

नंतरचे चार दिवस लाइट नेमकी गेली नाही, त्यामुळे बॅटरी तालुक्याला नेऊन चार्ज करून आणू, आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता ही सकाळ उजाडली.

मी गाडी ओट्यावर घेतली. किक मारली. दुसरी मारली. त्या गाडीला बॅटरीशिवाय ठिणगीच पडत नसे, हे मला माहीत असूनही मी वीसेक किका मारल्या, कारण किक मारणं थांबवलं की पुढे बोलावं लागणार होतं.

"काय झालं?" रंजना दारात आली.

"थंडी," मी म्हणालो. "गारठलीय."

सासरे चूळ भरून आले. त्यांना मी मामा म्हणायचो. रंजना त्यांना आबा म्हणायची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, अंगाने भरदार, बोलायला कमी. प्रत्येक खेपेला लेकीच्या कौतुकापायी मुक्कामाला यायचे. या खेपेला मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. घरातल्या कुठल्याच बटणाला हात लावत नव्हते. रात्री उठले तरी दिवा न लावता भिंत चाचपडत जायचे. मला वाटलं, वयाचा परिणाम.

"ढकलून बघू," ते म्हणाले. "उताराला सोडू. मी बसतो, तुम्ही ढकला."

"मामा, मी बसतो ना."

"जावईबापू, बत्तीस वर्षं एसटी ढकलून लावलीय. बसतो मी."

आमच्या घरापासून ओढ्यापर्यंत चांगला उतार आहे. मामा धोतर खोचून बसले, मी मागून जोर लावला आणि गाडी सुटली. वळणापर्यंत मला त्यांची टोपी दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली. मी कान देऊन उभा राहिलो. इंजिनाचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने "थांब की मायला!" एवढं ऐकू आलं आणि मग एक बारीकसा धप्प.

मी धावत गेलो. मामा ओढ्याकाठच्या हरभऱ्यात गाडीसकट उभे होते. पडले नव्हते, पण दोन्ही पाय चिखलात पिंडरीपर्यंत रुतले होते. तशा अवस्थेत त्यांनी गाडीच्या बाजूचं झाकण काढलं होतं आणि आत बघत होते.

"जावईबापू, पेटीच्या तारा काळ्या हायत. मग ह्या लाल तारा कशाच्या?"

मी हरभऱ्याचे घाटे मोजू लागलो.

"ही बॅटरी मेली न्हाई. मारलीय. मी अकरा वर्षं डेपोच्या बॅटरी खोलीत होतो. आत पाण्याचा टिपूस न्हाई. काय लावलं व्हतं? टेप?"

"टीव्ही," मी म्हणालो.

"मॅच?"

"कसोटी."

"पाचही दिवस?"

"पाचही."

मला वाटलं, आता काही खरं नाही. माणूस डेपोतला, हात पान्याएवढे. पण मामांनी झाकण लावलं, चिखलातून एक पाय उपसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीला म्हणू नका. थंडीनं बसली म्हणून सांगू."

त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते माझ्या बापाबद्दलही कधी वाटलं नव्हतं. केवढं मोठं मन! असा सासरा मिळायला पुण्य लागतं, असा विचार करत मी ती गाडी चढावर एकट्याने ढकलत आणली.

घरी पेटीचा काटा छत्तीसवर आला होता. शेजारच्या कोंडाजी तात्यांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली होती. नुसतं बोरवाडी नाही, नुसता तालुका नाही, अख्ख्या राज्याची लाइट गेली होती. कधी येईल सांगता येत नाही म्हणे. गावातला एकुलता ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता, म्हणजे दुसरी बॅटरीही नाही.

रंजनाने पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या. काटा झपकन बेचाळीसवर गेला. तिने किंचाळून बाटल्या बाहेर काढल्या. तात्यांच्या बायकोची, पारूकाकूची, एक कोंबडी अंडी उबवत खुडूक बसली होती. पण तिच्याखाली आधीच तेरा अंडी होती आणि चौदावं सरकवायला गेलेल्या रंजनाच्या हाताचा तिने लचका तोडला.

रंजना बोट चोखत मधल्या घरात उभी राहिली. आमच्याकडे बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि मला उगाचच भीती वाटली.

"माणसाचं अंग किती असतं?"

"म्हंजे?"

"ऊन. किती ऊन असतं? सदतीस. आन् अंड्याला लागतं साडेसदतीस." ती थर्मामीटर झटकत पुढे आली. "काखेत धरा."

मामा भरले साडेछत्तीस. मी पस्तीस पूर्णांक काहीतरी.

"तुम्ही असे कसे हो थंड?" ती म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण इतक्या मनापासून ती माझ्यावर कधी निराश झालेली मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात तिच्यामागून आलेली पारूकाकू सांगू लागली की आमचे हे तीन दिवस तापाने फणफणलेत, आज जरा उतार आहे, शंभरवर आलाय. रंजना गर्रकन वळली.

"तात्यांना ताप हाय?"

पाच मिनिटांत ती तात्यांच्या उशाशी होती. तात्या गोळी तोंडात टाकणार, तोच तिने हात धरला. "तात्या, संध्याकाळपर्यंत थांबता का? तुमच्या पाया पडते."

तात्या बिचारे सज्जन. त्यांनी गोळी खाली ठेवली. रंजनाने त्यांच्या पोटाशी बारा अंडी मऊ धडप्यात बांधली आणि वर दोन गोधड्या घातल्या. तात्या जन्मात कुणाला इतके हवेसे झाले नव्हते. दिवसभरात त्यांनी तीनदा निरोप पाठवला की ताप टिकून आहे, काळजी नसावी.

उरली छत्तीस. दहा तिने स्वतःच्या ओटीत बांधली. तेरा मला, तेरा मामांना. आम्हाला बंड्या काढायला लावून पोटाभोवती जुन्या लुगड्याचे पट्टे गुंडाळले, मधे अंडी, वर स्वेटर, वर कांबळ. मग दोघांना भिंतीला उश्या लावून शेजारी शेजारी टेकवून बसवलं.

"हालायचं न्हाई. शिंकायचं न्हाई. हसायचं तर मुळीच न्हाई."

"किती वेळ?" मी विचारलं.

"कोंबडी विचारते का?"

अशा रीतीने सकाळी साडेनऊ वाजता मी आणि माझे सासरे खुडूक बसलो.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला बातमी गावभर झाली आणि लोक बघायला यायला लागले. लाइट नाही, गिरणी बंद, पंप बंद, त्यामुळे सगळ्या गावाला सवड. येणारा प्रत्येकजण दारात उभा राहून तेच विचारायचा, "काय, कधी हाय?" एकाने आत येऊन माझ्यापुढे मूठभर ज्वारीचे दाणे टाकले. चुलती आली, पदर तोंडाला लावला आणि तशीच बाहेर गेली. बाहेरून तिचा बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. तो खोकला नव्हता.

अकराच्या सुमाराला मला लघवीला लागली.

"मामा, जरा जाऊन येतो. माझी धरता का?"

"ठेवा हितं, मांडीवर. पर लवकर या."

मी परत आलो तेव्हा मामा सव्वीस अंड्यांवर दोन्ही हात पसरून, श्वास रोखून बसले होते. कपाळावर घाम होता. बाहेर जानेवारीचा कडाका आणि यांना घाम.

"बरं वाटत नाही का मामा?"

"बरं हाय. तुम्ही अंडी घ्या. हळू. अहो, हळू!"

त्यानंतर मी त्यांना गंमत म्हणून विचारलं, "मामा, तुम्हाला कोंबडीच्या धंद्यात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी कांबळ गळ्यापर्यंत ओढून घेतलं. दुपारी रंजनाने भाकरी-पिठलं आणलं. स्वतःची ओटी सावरत, आधी बापाला, मग नवऱ्याला तिने हाताने भरवलं, कारण आम्हाला वाकता येत नव्हतं. घास देता देता म्हणाली, "आबा, ह्या वेळी पण न्हाई झालं, तर मी काय म्हणते, खरंच माझ्यातच काहीतरी असंल. लोक काय उगीच म्हणत न्हाईत. माझा हातच तसला."

मामांना ठसका लागला. ठसका दाबताना त्यांचे डोळे लाल झाले. रंजना घाबरून म्हणाली, "अंडी! अंडी!" मी त्यांच्या पाठीवर हळूहळू थापटत होतो आणि मनात बॅटरीला, टीव्हीला आणि दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंना शिव्या घालत होतो. मला स्वतःचीच खूप लाज वाटली. आता सांगून टाकावं, असं तीनदा ओठावर आलं. पण अशी बाई समोर ओटीत दहा अंडी घेऊन बसलेली असताना तिला रागावू कसं द्यायचं?

चार वाजले. पाच वाजले. उन्हं उतरली. माझी कंबर गेली होती, पोटाला खाज सुटली होती आणि खाजवायची सोय नव्हती. मामा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले.

आणि मग मामांच्या पोटातून आवाज आला, "चिव."

मामांनी डोळे उघडले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"तुम्ही केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"चिव," पोटातून पुन्हा आवाज आला.

"रंजे!" मामा ओरडले. "रंजे, धाव!"

रंजना चहाचा कप तसाच हातात घेऊन आली. मामांनी स्वेटर वर केला, लुगड्याचा पट्टा बाजूला केला. एका अंड्याला वरच्या अंगाला बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. रंजना मटकन खाली बसली. एक हात मात्र ओटीवरच होता.

आणि मामा रडायला लागले. एसटीतला माणूस, पान्यासारखे हात, पोटाशी तेरा अंडी, आणि न हलता रडत होते. हुंदका आला की दोन्ही हातांनी अंडी धरायचे, हुंदका गेला की सोडायचे.

"आबा, रडता कशाला? झालं की!"

"रंजे, मी बंद केलं व्हतं गं."

"काय बंद केलं?"

"बटण. पेटीचं. पहिल्या खेपेला. रात्री तंबाखू थुंकायला उठलो, वाटलं कोण उगीच बल्ब जाळत ठेवलाय. केलं बंद. डेपोत नियमच व्हता, खोलीतून निघताना बटण बंद. बत्तीस वर्षं तेच केलं. पहाटं ध्यानात आलं, गपचूप चालू केलं."

रंजनाच्या हातातला कप कलंडला. चहा माझ्या पायावर सांडला. मी हाललो नाही.

"आन् दुसऱ्या खेपेला?" तिने विचारलं.

मामांनी मान खाली घातली. "दुसऱ्या खेपेला पण. लई ध्यानात ठिवलं व्हतं. पर हात गेला गं आपोआप."

रंजनाने रिकामा कप जमिनीवर ठेवला. मला मात्र हळूहळू सगळं कळत गेलं. भिंत चाचपडत जाणारा म्हातारा. हरभऱ्याच्या चिखलात उभं राहून 'पोरीला म्हणू नका' म्हणणारा माणूस. ते मोठं मन वगैरे नव्हतं. माझ्यावर डोळे वटारायला त्यांना तोंडच नव्हतं.

"आबा, दोन खेपा," रंजना म्हणाली.  "लोक मला काय काय बोलले. तुम्ही ओट्यावरच बसला व्हता. मी विरजण लावायचं सोडलं, आबा. शेजारच्या पोरीला हळद लावायला गेले न्हाई. वाटायचं, माझ्या हातानं तिचं वाईट व्हायचं. आन् तुम्ही गप ऱ्हायलात?"

"तू मला परत येऊ दिलं नसतंस," मामा म्हणाले.

मला राहवलं नाही. "रंजना, बॅटरी थंडीने बसली नव्हती. मी..."

"तुमचं नंतर," ती म्हणाली.

नंतर म्हणजे काय, ते मला पुढचे पंधरा दिवस सविस्तर कळलं.

तेवढ्यात बाहेर गावभर ओरडा झाला, "आली! आली!" घरातला बल्ब लागला, पेटीतले दोन्ही बल्ब लागले. मी उठायला गेलो.

"बसा," रंजना म्हणाली.

मी बसलो. ती बापाकडे बघत होती. रागावली होती, खूप रागावली होती, आणि रडतही होती. मामांनी अंगावरचा पट्टा सैल केला. ते भोक पडलेलं अंडं दोन बोटांत अलगद उचललं. भेग आता अर्ध्यावर आली होती. हात त्यांनी तिच्यापुढे केला.

"धर."

"मी न्हाई धरत," ती म्हणाली. "काही झालं म्हंजे?"

"धर गं माझे आई. तुझ्या हातात फुटू दे."

तिने दोन्ही तळवे पदराला पुसले आणि पुढे केले. मामांनी अंडं त्यात ठेवलं. आम्ही तिघंही त्याकडे बघत बसलो. दारात पारूकाकू आली, तिच्यामागे माझी चुलती आली. अंडं एकदा हललं. मग थांबलं. रंजनाने डोळे घट्ट मिटून घेतले.

ते तिच्या हातात फुटलं.